फ्लॅटचा भाव रोज छापून आला असता तर

२३ मार्च २०२०, सोमवार. त्या एका दिवसात सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी कोसळला, म्हणजे तेरा टक्क्यांहून जास्त. ज्यांच्या म्युच्युअल फंडात दहा लाख होते, त्यांना संध्याकाळी मोबाईलवर लाख-सव्वा लाख कमी दिसले. त्याच दिवशी कोथरूडमध्ये, डोंबिवलीत किंवा नाशिकच्या गंगापूर रोडला ज्यांचा एखादा जादा फ्लॅट होता, त्यांना कुठलाच आकडा दिसला नाही. दस्तनोंदणी जवळजवळ थांबली होती आणि घर बघायला कोणी बाहेर पडत नव्हतं. त्यामुळे शेअरवाले बुडाले आणि घरवाले वाचले, असा समज अनेकांच्या मनात पक्का झाला.

पण त्या आठवड्यात एखाद्याला पैशांच्या तातडीच्या गरजेपोटी तो फ्लॅट विकावा लागला असता, तर त्याला किती मिळाले असते? गिऱ्हाईकच मिळालं नसतं. मिळालं असतं तरी ज्या भावाला मिळालं असतं, तो ऐकून मालकाने फोन ठेवला असता. शेअरवाल्याला तेरा टक्के तोटा सोसून का होईना, दोन दिवसांत पैसे हातात मिळत होते. घरवाल्याला तोही पर्याय नव्हता.

जमीनजुमल्यातल्या गुंतवणुकीबद्दल आपल्याकडे जे गैरसमज आहेत, त्यांतले बरेचसे इथून सुरू होतात. भाव दिसत नाही म्हणून तो हलत नाही असं आपण धरून चालतो, आणि भाव हलत नाही म्हणजे जोखीम नाही असं त्याच्या पुढे जाऊन मानतो. या दोन्ही पायऱ्या कच्च्या आहेत. का, ते एकेक करून पाहू.

चढ-उतार आणि जोखीम

आधी चढ-उताराचं बघू. एखाद्या गुंतवणुकीचा परतावा दरवर्षी सरासरीपासून किती दूर जातो, याचं ते माप आहे. समजा एक गुंतवणूक तीन वर्षांत ९, १० आणि ११ टक्के वाढली. दुसरी पहिल्या वर्षी ३५ टक्के वाढली, दुसऱ्या वर्षी २० टक्के पडली आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढली. दोन्हींची सरासरी १० टक्केच. पण पहिलीत १०० रुपयांचे १३३ झाले, दुसरीत १२४. म्हणजे हेलकाव्यांची किंमत मोजावी लागते, आणि मधल्या वर्षी घाबरून बाहेर पडलेल्याला तर फार मोठी.

जोखीम ही त्याहून मोठी आणि जास्त व्यक्तिगत गोष्ट आहे. ज्या वेळी पैसे लागतील त्या वेळी ते हातात नसणं, किंवा जे गेलं ते कधीच परत न येणं, ही खरी जोखीम. ८ जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला होता. ९ मार्च २००९ ला तो ८,१६० वर होता. साठ टक्के गेले. नोव्हेंबर २०१० मधल्या दिवाळीत तो पुन्हा २१ हजारांवर पोहोचला. ज्याला त्या पावणेतीन वर्षांत पैशांची गरज पडली नाही, त्याच्या दृष्टीने हा भीतिदायक पण तात्पुरता हेलकावा होता. ज्याच्या मुलीची कॉलेजची फी फेब्रुवारी २००९ मध्ये भरायची होती आणि पैसे फक्त शेअरमध्येच होते, त्याच्यासाठी ती खरीखुरी जोखीम ठरली. बाजार एकच, पण दोघांची जोखीम वेगळी.

घराच्या बाबतीत हेच गणित उलट दिशेने मांडावं लागतं. तिथे हेलकावे कमी दिसतात आणि जोखीम दुसऱ्याच ठिकाणी बसलेली असते.

भाव स्थिर दिसतो तो का?

शेअरचा भाव हा खऱ्या व्यवहाराचा भाव असतो. आत्ता, या सेकंदाला कोणीतरी त्या भावाला विकलं आणि कोणीतरी घेतलं. फ्लॅटचा भाव बहुतेक वेळा कोणाच्या तरी सांगण्यावरून कळतो. एजंट म्हणतो, ‘या एरियात नऊ हजारचा रेट चालू आहे.’ शेजारी म्हणतात, ‘तिसऱ्या मजल्यावरचा पंच्याऐंशीला गेला.’ मालक जो आकडा मागतो त्यालाच आपण भाव म्हणतो, सौदा कितीला झाला हे बाहेर येतच नाही.

अधिकृत निर्देशांक आहेत. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा रेसिडेक्स २००७ पासून आहे, रिझर्व्ह बँकेचा घरांच्या किमतींचा निर्देशांक नोंदणी खात्यांकडच्या दस्तांवरून तयार होतो. दोन्ही तिमाही निघतात आणि दोन्ही अख्ख्या शहराची सरासरी सांगतात. रोज हलणारी गोष्ट तीन महिन्यांतून एकदाच मोजली, तीही हजारो वेगवेगळ्या घरांची सरासरी काढून, तर आलेख आपोआप गुळगुळीत होतो.

हे एका छोट्या उदाहरणात बसतं. समजा एखाद्या इमारतीची खरी किंमत चार टप्प्यांत १००, ८०, १०० आणि ११० अशी गेली. मूल्यांकन करणारा माणूस नेहमी मागचे सौदे बघतो, म्हणून त्याच्या आकड्यात थोडं जुनं आणि थोडं नवं मिसळतं. तो प्रत्येक वेळी आत्ताची आणि मागची किंमत यांची सरासरी धरत असेल, तर त्याच्या कागदावर ९०, ९० आणि १०५ येईल. वीस टक्क्यांची पडझड दहावर आली, आणि मग सावरतानाची उसळी तर दिसलीच नाही. यात कोणी फसवत नाही. पद्धतच तशी आहे. अमेरिकेत डेव्हिड गेल्टनर यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९९० च्या दशकात ही गुळगुळीत केलेली आकडेवारी परत खडबडीत कशी करायची, यावर बरंच काम केलं.

याचा उत्तम पुरावा २००८ च्या मंदीत मिळाला. अमेरिकेत मोठमोठी ऑफिसं, मॉल आणि गोदामं दोन प्रकारे बाळगली जातात. पेन्शन फंड ती थेट विकत घेतात, आणि त्यांचा निर्देशांक मूल्यांकनावरून निघतो. किंवा ती रीट नावाच्या ट्रस्टमध्ये असतात, ज्यांची युनिट्स शेअरसारखी बाजारात रोज विकली जातात. २००८ साली मूल्यांकनाचा निर्देशांक साधारण साडेसहा टक्के घसरला. त्याच वर्षी बाजारातले रीट जवळजवळ ३८ टक्के पडले. पुढच्या वर्षी, २००९ मध्ये, मूल्यांकनाचा निर्देशांक आणखी सतरा टक्के खाली आला आणि रीट मात्र २८ टक्के वर गेले. इमारती साधारण त्याच जातीच्या, भाडेकरूही तसेच. बाजाराने वाईट बातमी आधी आणि जरा जास्तच जोरात सांगितली, मूल्यांकनाने ती उशिरा आणि हळू आवाजात सांगितली. रीटच्या अंगावर कर्ज असतं आणि बाजार घाबरतोही, म्हणून ३८ हा आकडा सगळाच खरा मानायचं कारण नाही. पण साडेसहा तर त्याहूनही कमी खरा होता.

आपल्याकडे यात आणखी एक पदर आहे. बिल्डर छापील दर सहसा कमी करत नाही, कारण दर कमी केला तर आधीचे ग्राहक दारात उभे राहतात आणि कर्ज देणारी संस्थाही हिशोब मागते. म्हणून मंदी आली की दर तोच राहतो आणि बाकीच्या गोष्टी हलायला लागतात. मुद्रांक शुल्क बिल्डर भरतो, पार्किंग फुकट मिळतं, मॉड्युलर किचन आणि एसी बसवून मिळतात, ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही अशी योजना निघते. या शेवटच्या प्रकारात धोके इतके होते की २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणेच कर्ज द्यायला सांगितलं आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने गृहकर्ज कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला बजावलं. सगळ्या सवलतींचे पैसे केले, तर दर हलला नाही असं म्हणणाऱ्या प्रकल्पात खरा भाव बराच खाली आलेला असतो. तो कुठल्याच आलेखात धड दिसत नाही.

न हललेल्या भावातला तोटा

साधारण २०१४ ते २०२० या काळात मुंबई-पुण्याच्या कितीतरी उपनगरांत फ्लॅटचे भाव जवळपास जागच्या जागी होते. नोटाबंदी, मग रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा), मग जीएसटी, मग सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था बुडाल्यावर बिल्डरांना मिळणारं कर्ज आटणं, असे धक्के एकामागून एक आले. मालक म्हणत राहिले, ‘भाव वाढले नसतील, पण पडले तर नाहीत ना?’

८० लाखांचा फ्लॅट सात वर्षांनी ८० लाखांचाच राहिला आणि महागाई वर्षाला पाच टक्के होती असं धरू. त्या ८० लाखांची खरेदीशक्ती सुरुवातीच्या हिशोबाने ५७ लाखांवर येते. म्हणजे २९ टक्क्यांची घसरण, पण इतकी सावकाश की ती कोणाला लागली नाही. भाडं येत होतं हे खरं. आपल्या शहरांत राहत्या घरांचं भाडं किमतीच्या दोन-तीन टक्के इतकंच असतं. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, भाडेकरू बदलताना रिकामा गेलेला महिना आणि रंगकाम वजा केलं की दोन टक्के हातात राहिले तर खूप. तरीही मालक महागाईच्या मागे वर्षाला तीन टक्क्यांनी पडतच होता.

शेअर बाजार अशी घसरण एका महिन्यात उरकतो आणि सगळ्यांना दाखवून करतो. जमिनीच्या किमती ती वर्षानुवर्षं करत राहतात. जपानमध्ये मोठ्या शहरांतल्या जमिनीचे भाव १९९१ नंतर चौदा-पंधरा वर्षं उतरत होते. (शेअरची बाजू घ्यायची तर तीही पूर्ण सांगायला हवी. जपानचा शेअर निर्देशांक निक्केई १९८९ च्या शेवटी जिथे होता, तिथे पुन्हा पोहोचायला त्याला फेब्रुवारी २०२४ उजाडलं.)

एका फ्लॅटची तुलना कशाशी?

घराच्या बाजूने एक वजनदार पुरावा नेहमी दिला जातो, आणि तो द्यायलाही हवा. जोर्डा, शुलारिक, टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ प्रगत देशांची १८७० ते २०१५ पर्यंतची आकडेवारी जमवली. महागाई वजा जाता घरं आणि शेअर दोन्हींनी दीर्घकाळात वर्षाला सात टक्क्यांच्या आसपास परतावा दिला, आणि घरांचे हेलकावे शेअरच्या निम्म्याहूनही कमी होते. वाचल्यावर वाटतं, मग शेअरकडे जायचंच कशाला?

दोन गोष्टी सुटतात. एक, त्या देशांत घरांच्या परताव्याचा साधारण अर्धा भाग भाड्यातून आला होता. दोन-तीन टक्के भाड्याच्या आपल्या शहरांना ते गणित जसंच्या तसं लागू होत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या अभ्यासातलं घर म्हणजे देशातल्या सगळ्या घरांची सरासरी, आणि ती सरासरी कोणालाच विकत घेता येत नाही. आपण घेतो ते वाघोलीतल्या एका गल्लीतल्या एका इमारतीतल्या सहाव्या मजल्यावरचं एक घर. अमेरिकेत २००६ ते २०१२ दरम्यान घरांच्या किमती देशभरात सरासरी २७ टक्के उतरल्या. लास व्हेगासमध्ये त्या साठ टक्क्यांच्या आसपास पडल्या, डॅलसमध्ये दहाच्या आसपास. तुमचं घर कुठल्या शहरात होतं, यावर सगळं ठरलं.

म्हणून सेन्सेक्सच्या शेजारी एक फ्लॅट ठेवून कोण जास्त हलतो हे बघणं चुकीचं आहे. सेन्सेक्स म्हणजे तीस कंपन्या. एका फ्लॅटची जोडी एका शेअरशी लावावी लागते. आणि एका शेअरचं काय होऊ शकतं हे आपण सत्यमचं २००९ मध्ये आणि जेट एअरवेजचं २०१९ मध्ये पाहिलं आहे.

एका फ्लॅटचं काय होऊ शकतं? शेजारच्या प्लॉटवर टॉवर उभा राहतो आणि उजेड जातो. सोसायटीचं पाणी टँकरवर येतं आणि मेंटेनन्स दुप्पट होतो. ज्या आयटी पार्कच्या भरवशावर भाडेकरू मिळत होते, तिथली कंपनी दुसऱ्या टोकाला जाते. उलटही होतं. मेट्रोचं स्टेशन जवळ आलं की तीच इमारत एकदम मागणीत येते. हे सगळं निर्देशांकाच्या बाहेरचं आहे आणि एका घराच्या नशिबात त्याचाच वाटा मोठा असतो.

याहून गंभीर जोखीम कागदांची. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये लोकांनी १९८० च्या दशकात घरं घेतली, तिथे संसार केले, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाचव्या मजल्याच्या वरचे मजले बेकायदा असल्यावर शिक्कामोर्तब केलं. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांकही मिळवला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्या पाडायचा आदेश दिला. तिथे घर घेणाऱ्या माणसाने रेरा क्रमांक बघितला होता, बँकेचं कर्जही त्याला मिळालं होतं. अशा कुटुंबाच्या बाबतीत हेलकावा हा शब्दच वापरता येत नाही. आयुष्यभराची कमाई एका आदेशाने शून्यावर येऊ शकते आणि हप्ता मात्र चालू राहतो. बांधकाम चालू असलेल्या घराला बिल्डरच्या दिवाळखोरीची जोखीम वेगळी. नोएडा परिसरातल्या आम्रपालीच्या सुमारे ४२ हजार ग्राहकांसाठी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सरकारी कंपनीकडून घरं पूर्ण करून घ्यायचा आदेश द्यावा लागला.

रेरामुळे परिस्थिती सुधारली आहे, हे मनापासून सांगायला हवं. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, विक्री चटई क्षेत्रावरच करावी लागते. तरी जमिनीच्या मालकीचा शोध तुम्हाला स्वतःच्या वकिलाकडूनच घ्यावा लागतो. सातबारा, फेरफार, मालकीच्या तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, आणि जुनी सोसायटी असेल तर कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालं आहे का ते. बिल्डरने दिलेल्या फाइलमधल्या झेरॉक्स बघून समाधान मानू नका. त्याच परवानग्या महापालिकेच्या कार्यालयात जाऊन पडताळता येतात.

कर्जाने काय होतं

आतापर्यंत फ्लॅट रोखीने घेतला असं धरलं होतं. प्रत्यक्षात बहुतेक जण कर्ज काढतात, आणि चढ-उताराचं चित्र इथे पार बदलतं.

पुण्यात ८० लाखांचा जुना फ्लॅट घ्यायचा आहे. मुद्रांक शुल्क आणि उपकर मिळून सात टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी ३० हजार. दलाली एक टक्का, ८० हजार. एकूण खर्च ८६ लाख ७० हजार. बँक ६४ लाख देते. तुमच्या खिशातून जातात २२ लाख ७० हजार.

थोड्याच काळात विकायची वेळ आली आणि भाव दहा टक्के वाढलेला असला, तर ८८ लाख मिळतील. दलाली आणि कर्ज वजा जाता २३ लाख १२ हजार हातात. दहा टक्के वाढ होऊनही कमाई फक्त ४२ हजार. आता भाव दहा टक्के पडला असं धरा. ७२ लाखांतून दलाली आणि कर्ज गेलं की उरतात ७ लाख २८ हजार. तुमच्या २२ लाख ७० हजारांतले दोन तृतीयांशाहून जास्त गेले. कर, हप्त्यातलं व्याज आणि भाडं यात मुद्दाम धरलेलं नाही, म्हणजे कर्जाचा परिणाम स्वच्छ दिसावा. घराची किंमत दहा टक्केच हलली, पण तुमचा पैसा ६८ टक्क्यांनी कमी झाला. घराच्या किमतीतलं हेच गुणोत्तर धरून, एक रुपया स्वतःचा आणि चार उसने घेऊन, कोणी शेअर घ्यायला निघाला तर घरातले सगळे त्याला अडवतील. घरासाठी मात्र पेढे वाटले जातात.

यात घराची एक जमेची बाजू आहे, तीही खरी आहे. शेअर तारण ठेवून घेतलेल्या कर्जात भाव पडला की लगेच जादा पैसे भरायला सांगतात, नाहीतर शेअर विकून टाकतात. गृहकर्जात भाव कितीही पडला तरी हप्ता वेळेवर जातोय तोपर्यंत बँक काही विचारत नाही. म्हणजे सगळी जोखीम तुमच्या पगाराच्या नियमितपणावर येऊन थांबते. आणि नोकऱ्या जायला लागतात तेव्हाच घरांची गिऱ्हाइकंही गायब होतात, हे विसरून चालत नाही.

दुसरी जोखीम व्याजदराची. ६४ लाख, २० वर्षं, पावणेसात टक्के, हप्ता साधारण ४८,६६० रुपये. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि त्याला जोडलेली कर्जं नऊ टक्क्यांच्या आसपास पोहोचली. नव्या दराने हप्ता ५७,५८० होतो. बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवायची म्हटलं, तर गणिताने २० वर्षांची ४८ वर्षं होतात, कारण ६४ लाखांवर महिन्याचं व्याजच ४८ हजार आहे. प्रत्यक्षात बँका इतकी मुदत देत नाहीत, हप्ता वाढवतात. पण अनेकांची मुदत त्यांना न कळवता निवृत्तीच्या पलीकडे गेली होती, आणि म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहकाला हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायची संधी द्या, असं बँकांना सांगितलं. तुमचं कर्ज त्याआधीचं असेल तर बँकेकडून उरलेली मुदत आजच मागवून घ्या.

बाकीच्या गुंतवणुकी

मुदत ठेवीत हेलकावे नाहीत. जोखीम दोन: कर आणि महागाई वजा जाता हाती फारसं न उरणं, आणि बँकच अडचणीत येणं. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत आहे. सोनं घराहून कितीतरी जास्त हलतं, पण कुठल्याही गावात तासाभरात विकता येतं आणि तोळ्या-तोळ्याने विकता येतं. मात्र सोनं थकायला लागलं की फार काळ थकतं. जानेवारी १९८० मध्ये औंसाला ८५० डॉलरचा भाव आला होता, तो पुन्हा दिसायला जानेवारी २००८ लागलं. आपल्याला तो मधला काळ तितका जाणवला नाही, कारण रुपया घसरत होता.

फ्लॅट तोळ्या-तोळ्याने विकता येत नाही. दवाखान्यात चार लाख भरायचे आहेत म्हणून बाल्कनी विकता येत नाही. गरज चार लाखांची असली तरी ८० लाखांची वस्तू पूर्णच विकावी लागते, आणि घाईत विकणाऱ्याला बाजार लगेच ओळखतो.

ज्यांना इमारतीच हव्या आहेत पण एका इमारतीत अडकायचं नाही, त्यांच्यासाठी रीट आहे. एम्बसी ऑफिस पार्क्स हा भारतातला पहिला, एप्रिल २०१९ मध्ये बाजारात आला. मग माइंडस्पेस, ब्रुकफिल्ड आणि मॉलचा नेक्सस सिलेक्ट आले. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमाप्रमाणे ८० टक्के मालमत्ता पूर्ण झालेली आणि भाडं देणारी हवी, वाटण्याजोग्या रोख रकमेतले निदान ९० टक्के गुंतवणूकदारांना द्यावे लागतात, आणि एक युनिटसुद्धा घेता येतं. ही व्यापारी जागा आहे. घरून काम वाढलं तर ऑफिसांची मागणी कमी होऊ शकते, व्याजदर वाढले तर युनिटचा भाव पडतो. आणि तो रोज डोळ्यांसमोर पडतो. मार्च २०२० मध्ये एम्बसीचं युनिटही घसरलं होतं. फ्लॅट सांभाळणाऱ्या किती जणांना हे रोजचं दिसणं झेपेल, याबद्दल मला शंका आहे. कारण भाव न दिसण्याचा एक मोठा फायदा असतो. माणूस घाबरून विकत नाही. वीस वर्षांपूर्वी घेतलेला फ्लॅट ज्यांनी ठेवला, त्यांच्यातल्या अनेकांनी त्याच वीस वर्षांत घेतलेले शेअर मात्र कधीच विकून टाकले. घराने जास्त कमावून दिलं असं त्यांना वाटतं, आणि त्यांच्या स्वतःच्या हिशोबात ते खरंही असतं.

राहतं घर यातून वेगळं काढायला हवं. त्याचा भाव पडला तरी तुम्ही त्यात राहता, आणि भाडं वाढण्याच्या त्रासातून कायमचे सुटता. वर लिहिलेलं सगळं दुसऱ्या फ्लॅटबद्दल आहे, जो परताव्यासाठी घेतला जातो.

तो घेण्याआधी एक काम कोणीही घरबसल्या करू शकतं. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश, बघता येतो. तुम्हाला जो फ्लॅट दाखवला आहे, त्याच इमारतीतले आणि शेजारच्या दोन-तीन इमारतींतले गेल्या सात-आठ वर्षांतले नोंदलेले सौदे शोधा. सौद्याची रक्कम चटई क्षेत्राने भागा आणि तारखेप्रमाणे लिहून काढा. रोखीतले व्यवहार त्यात दिसणार नाहीत, पण तरी हा आलेख एजंटच्या ‘चालू रेट’पेक्षा कितीतरी जास्त खरा असतो. मग शेजारी महागाई लिहा. वर्षाला किती सौदे झाले तेही मोजा. शंभर फ्लॅटच्या इमारतीत वर्षाला दोनच सौदे होत असतील, तर तुमची विकायची वेळ येईल तेव्हा गिऱ्हाईक मिळायला किती महिने लागतील याचा अंदाज तिथेच येतो. तेवढ्या महिन्यांचे हप्ते बँकेत बाजूला ठेवूनही तो फ्लॅट परवडतोय का, हे त्यानंतर बघा.